46 शाखा एकाच फाइलमधून नकाशावर चढवताना

प्रश्न असा आहे: "आमच्या पतसंस्थेच्या सातारा आणि सांगली जिल्ह्यांत मिळून 46 शाखा आहेत. सगळ्या गूगल मॅपवर दिसाव्यात म्हणून एक्सेलची फाइल भरून दोनदा अपलोड केली. 17 ओळींत चुका दाखवतो, काही शाखा भलत्याच गावात दिसतात आणि दोन शाखा दोनदोनदा आल्या आहेत. सगळं काढून पहिल्यापासून करावं का?"

नको. सगळं काढू नका आणि तीच फाइल तिसऱ्यांदा चढवूही नका. आधी गूगलकडे आत्ता काय नोंदलेलं आहे ते उतरवून घ्या. गूगल बिझनेस प्रोफाइलच्या मॅनेजरमध्ये, म्हणजे जिथे तुम्ही फाइल अपलोड केलीत तिथे, सगळ्या शाखा निवडा आणि त्यांची माहिती डाउनलोड करा. (गूगल माय बिझनेस हे याचंच जुनं नाव. ते नोव्हेंबर 2021 मध्ये बदललं, त्यामुळे त्याआधीच्या व्हिडिओंमधले मेनू आता तसे सापडणार नाहीत.) डाउनलोड झालेली फाइल हीच यापुढची मूळ फाइल. तुमच्या संगणकावरची जुनी फाइल वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवून द्या आणि तिच्यात पुन्हा काही भरू नका. दोन फाइलींत समांतर दुरुस्त्या सुरू झाल्या की कोणती खरी हे आठवड्याभरात कुणालाच सांगता येत नाही.

तुमच्या तिन्ही तक्रारींचं मूळ एकच आहे. फाइलमधली ओळ आणि गावातलं शाखेचं दार यांची गाठ नीट बसलेली नाही. ही गाठ तीन गोष्टींनी बसते: स्टोअर कोड (म्हणजे प्रत्येक शाखेला तुम्ही दिलेला ओळखक्रमांक), पत्ता आणि अक्षांश-रेखांश. बाकीचे कॉलम चुकले तर दुरुस्ती मिनिटाची असते. हे तीन चुकले तर ठेवीदार चुकीच्या गावात जाऊन उभा राहतो. म्हणून याच तिन्हींवर जास्त लिहितो.

स्टोअर कोड

फाइल वाचताना गूगल शाखा ओळखतं ती स्टोअर कोडवरून. कोड आधीच्या नोंदीशी जुळला तर त्या नोंदीत दुरुस्ती होते. जुळला नाही तर ती नवी शाखा समजली जाते, मग नाव आणि पत्ता अगदी तोच असला तरी. पहिल्या फाइलमध्ये 007 असलेला कोड दुसऱ्या फाइलमध्ये 7 झाला की तीच शाखा दोनदा उभी राहते. तुमच्या दोन दुहेरी शाखा बहुधा अशाच झाल्या असतील. दोन्ही नोंदींचे कोड शेजारी शेजारी ठेवून बघा.

पतसंस्थांच्या सॉफ्टवेअरमध्ये शाखा क्रमांक 001, 002 असे असतात. एक्सेलला तो आकडा वाटतो आणि ते पुढची शून्यं टाकून देतं. यावर सगळ्यात सोपा उपाय म्हणजे क्रमांकाआधी संस्थेच्या नावाची दोन-तीन इंग्रजी अक्षरं आणि एक डॅश लावणं. मग तो आकडा राहत नाही, मजकूर होतो. गावाचं नाव किंवा पिनकोड मात्र कोडमध्ये घालू नका. शाखा उद्या दुसऱ्या जागेत गेली तरी कोड तोच राहायला हवा आणि गावाच्या नावाचा कोड तेव्हा सगळ्यांना चुकीचा वाटून कुणीतरी बदलतोच. कोडची लांबी 64 अक्षरांपर्यंत चालते, पण आठ-दहा अक्षरांच्या पुढे जायची गरज पडत नाही.

कोडच्या मागेपुढे राहिलेली मोकळी जागा डोळ्यांना दिसत नाही, पण जुळणी बिघडवते. ट्रिम हे सूत्र साधी मोकळी जागा काढतं. वेबपेजवरून चिकटवलेल्या मजकुरात मात्र वेगळ्या जातीची मोकळी जागा येते, तिचा अक्षर क्रमांक 160 असतो, आणि ट्रिम तिला हात लावत नाही. ती सबस्टिट्यूट सूत्राने आधी साध्या जागेत बदला, मग ट्रिम करा. लेन सूत्राने प्रत्येक कोडची लांबी शेजारच्या कॉलममध्ये काढली की वेगळी लांबी असलेली ओळ लगेच उघडी पडते.

दुहेरी कोड शोधायला काउंटइफ वापरतात. त्यात एक खोच आहे: काउंटइफला मजकूर म्हणून लिहिलेलं 007 आणि 7 हे सारखेच वाटतात. गूगलला तसं वाटत नाही. कोडला अक्षरं लावली की हा घोळही संपतो.

एक्सेल परस्पर काय बदलतं

17 चुकांपैकी निम्म्या इथल्या निघाल्या तर नवल नाही. एक्सेल टाइप केलेला मजकूर स्वतःच्या समजुतीने बदलतं आणि विचारत नाही. म्हणून रिकामी फाइल उघडल्यावर, काहीही भरण्याआधी, पूर्ण शीट निवडून तिचा फॉरमॅट 'टेक्स्ट' करा. भरल्यानंतर टेक्स्ट केलं तर गेलेलं परत येत नाही.

गट नंबर आणि प्लॉट नंबर बघा. पत्त्याच्या दुसऱ्या कॉलममध्ये नुसतं 12/3 टाइप केलं तर एक्सेल त्याची तारीख करतं. सिटी सर्व्हे नंबर, गट नंबर, घर नंबर हे आपल्याकडे असेच तिरप्या रेषेने लिहिले जातात, त्यामुळे हा दोष आपल्या फाइलींत फार सापडतो. 'गट नं. 12/3' असं पूर्ण लिहिलं की तो टळतो.

फोन नंबरचं बिघडणं आणखी वाईट. दहा आकडी मोबाइल नंबर नीट दिसतो. त्याच्याआधी 91 लावलं की बारा आकडे होतात, आणि साध्या फॉरमॅटच्या कप्प्यात बारा किंवा जास्त आकड्यांची संख्या एक्सेल 9.19 आणि पुढे ई, अधिक, 11 अशा आखूड रूपात दाखवतं. फाइल एक्सएलएसएक्स (एक्सेलचा नेहमीचा प्रकार) म्हणून जपलीत तर मूळ संख्या आत शाबूत असते. तीच सीएसव्ही (नुसत्या मजकुराची फाइल) म्हणून जपलीत तर जे दिसतं तेच लिहिलं जातं आणि नंबर कायमचा जातो. मुख्य कार्यालयातून पुन्हा 46 शाखांना फोन करून नंबर विचारावे लागतात.

फोनसाठी एकच तपासणी पुरते: देशाचा कोड आणि सुरुवातीचं शून्य वगळून दहा आकडे. हे लँडलाइनलाही लागू आहे. सांगली-मिरजेचा कोड 0233, त्यातलं शून्य सोडून तीन आकडे आणि पुढे सात. साताऱ्याचा 02162 आणि कराडचा 02164, त्यातले चार आणि पुढे सहा. दोन्हीकडे बेरीज दहाच. नऊ किंवा अकरा आली की एसटीडी कोड चुकलाय किंवा एक आकडा सुटलाय. मुख्य फोनच्या कॉलममध्ये त्या शाखेचाच नंबर द्या. सगळ्या ओळींत मुख्य कार्यालयाचा नंबर चिकटवला तर शाखा एकमेकींच्या नकला वाटायला लागतात, आणि खातेदाराला हवी असते ती त्याच्या शाखेतली माणसं.

आता ओढण्याची सवय. पहिल्या ओळीत पिनकोड लिहून कोपरा धरून खाली ओढला की टेक्स्ट फॉरमॅटमधला 415001 पुढच्या ओळीत 415002 होतो, मग 415003. हे सगळे सहा आकडीच असतात, त्यामुळे नजरेतून सुटतात. तेच मूल्य खाली उतरवायचं असेल तर कप्पे निवडून कंट्रोल आणि डी दाबा. क्रमवारी लावतानाही पूर्ण तक्ता निवडा. एकाच कॉलमची क्रमवारी लागली तर कराडचा फोन विट्याला आणि विट्याचा जतला जातो, आणि फाइल दिसायला मात्र व्यवस्थित असते.

अपलोडसाठी सीएसव्हीपेक्षा एक्सएलएसएक्सच बरी. सीएसव्हीत कॉलम स्वल्पविरामाने वेगळे होतात आणि आपल्या पत्त्यांत, वेळांत स्वल्पविराम जागोजागी असतात. देवनागरी मजकूर असेल तर साध्या सीएसव्हीत त्याची प्रश्नचिन्हं होतात. सीएसव्ही द्यावीच लागली तर जपताना 'सीएसव्ही यूटीएफ-8' हा प्रकार निवडा. पहिल्या ओळीतली कॉलमची नावं गूगलच्या नमुना फाइलमध्ये आहेत तशीच ठेवा, त्यांचं मराठी करू नका. एका ओळीत एकच शाखा, आणि एकही कप्पा मर्ज केलेला नको.

पत्ता: तालुका, गाव आणि पिनकोड

शाखा भलत्या गावात जाण्याचं खरं कारण इथे आहे. आपण पत्ता पोस्टमनला कळेल असा लिहितो: मु. पो. अमुक, ता. तमुक, जि. सातारा. पोस्टमन गाव ओळखतो. इथे मात्र संगणक कॉलम वाचत असतो.

'लोकॅलिटी' या कॉलममध्ये गाव किंवा शहर हवं, तालुका नको. आपल्या दोन जिल्ह्यांत हा फरक फार महागात पडतो, कारण कित्येक तालुक्यांचं नाव आणि मुख्यालयाचं गाव वेगळं आहे. खटाव तालुक्याचं मुख्यालय वडूज, माणचं दहिवडी, जावळीचं मेढा, खानापूरचं विटा. वाळवा तालुक्याचं मुख्यालय इस्लामपूर, ज्याचं आता ईश्वरपूर झालं आहे, आणि वाळवा हे गाव वेगळंच आहे. वडूजच्या शाखेला लोकॅलिटीत 'खटाव' लिहिलं तर पिन, म्हणजे नकाशावरची शाखेची खूण, खटाव गावात जाते आणि त्यात गूगलची चूक काही नसते. नामांतर झालेल्या गावाचं कोणतं नाव वापरायचं ते एकदा ठरवा आणि फाइलमध्ये सगळीकडे तेच ठेवा.

एका नावाची दोन गावं हा दुसरा धोका. नागठाणे सातारा तालुक्यात महामार्गावर आहे आणि पलूस तालुक्यात कृष्णाकाठीही आहे. खंडाळा म्हटलं की बाहेरच्याला लोणावळ्याजवळचं आठवतं. कोरेगाव म्हटलं की पुण्यातलं. अशा गावांच्या ओळी वेगळ्या रंगाने रंगवून ठेवा आणि त्यांचा पिनकोड व अक्षांश-रेखांश दोन्ही हाताने तपासा. रंगाचं गूगलला काही देणंघेणं नसतं, तो तुमच्यासाठी आहे.

पिनकोड जिल्ह्यावरून अंदाजाने भरू नका. साताऱ्याचा 415001 आहे म्हणून जिल्हा सगळा 415 ने सुरू होत नाही: वाई 412803, महाबळेश्वर 412806, शिरवळ 412801. सांगली 416416 आणि मिरज 416410, पण त्याच जिल्ह्यातलं विटा 415311 आणि इस्लामपूर 415409. पिनकोड पोस्टाच्या विभागणीने पडतात, जिल्ह्याच्या हद्दीने पडत नाहीत. म्हणून प्रत्येक शाखेचा पिनकोड तिच्या पोस्ट ऑफिसवरूनच घ्या. शाखेला आलेल्या वीजबिलावर किंवा नोंदणीच्या कागदावर तो असतो, पण दोन्हींवर वेगळा निघाला तर पोस्टाच्या संकेतस्थळावरचा धरा.

सांगली, मिरज, कुपवाड ही महापालिका एक असली तरी लोकॅलिटीत शाखा ज्या शहरात आहे त्याचंच नाव द्या. विश्रामबागसारख्या भागाचं नाव 'सब-लोकॅलिटी'त जातं. 'ॲडमिनिस्ट्रेटिव्ह एरिया' म्हणजे राज्य, इथे महाराष्ट्र. बरेच जण इथे जिल्हा भरतात आणि मग ओळ अडकते. देशाच्या कॉलममध्ये भारताचा दोन अक्षरी इंग्रजी कोड.

पत्त्याच्या पहिल्या ओळीत इमारत आणि रस्ता लिहा: सिटी सर्व्हे नंबर, संकुलाचं नाव, रस्त्याचं नाव. 'एसटी स्टँडसमोर', 'मारुती मंदिराशेजारी' ही खूण दुसऱ्या ओळीत. लहान गावात रस्त्याला नावच नसतं, तेव्हा खूण हाच पत्ता असतो आणि ती द्यायलाच हवी. पण पहिल्या ओळीत फक्त खूण दिली तर एखाद्या वेळी पिन शाखेवर न पडता मंदिरावर पडते. फोन नंबर, जाहिरातीचा मजकूर, 'पहिला मजला, लॉकर सुविधा उपलब्ध' असलं काहीही पत्त्यात नको. मजला द्या, लॉकर वगळा.

पत्ता इंग्रजी लिपीत की देवनागरीत? माझं मत, फाइलभर एकच लिपी ठेवा, आणि पत्त्यासाठी इंग्रजी लिपी जास्त सोयीची पडते, कारण पोस्टाच्या आणि नकाशाच्या नोंदींशी ती सहज ताडून बघता येते. मात्र गावाचं स्पेलिंग एकदा ठरवा. कराडची, मिरजेची, कवठे महांकाळची दोन-तीन स्पेलिंगं चालतात, आणि प्रत्येक शाखाधिकारी आपापलं लिहून पाठवतो. गावांच्या नावांची यादी वेगळ्या शीटमध्ये करून त्यातूनच निवडायला लावलं, म्हणजे डेटा व्हॅलिडेशन लावलं, तर हा प्रश्न मुळातच उरत नाही. अपलोड करायच्या प्रतीत मात्र ती जादा शीट काढून टाका.

अक्षांश आणि रेखांश

शहरात पत्ता बरोबर असेल तर हे दोन कॉलम रिकामे राहिले तरी पिन बहुतेक वेळा जवळपास पडते. गावात पडत नाही. वाडीवस्तीत नकाशाला फक्त गावाचा मध्यबिंदू माहीत असतो, आणि तुमची शाखा तिथून दीड किलोमीटरवर फाट्यावर असते. त्यामुळे तुमच्यासारख्या संस्थेने 46 च्या 46 ओळींत हे दोन कॉलम भरावेत असं मी ठामपणे सांगेन.

दशांश चिन्हापुढे सहा आकडे ठेवा. अक्षांशात दोन आकडे म्हणजे साधारण 1.1 किलोमीटरची ढिलाई, तीन म्हणजे 110 मीटर, चार म्हणजे 11 मीटर. बाजारपेठेत 11 मीटरमध्ये तीन दुकानं बसतात. एक्सेल शेवटची शून्यं खातं, पण त्याने ठिकाण बदलत नाही, त्याची काळजी नको.

आकडे मिळवायची खात्रीची पद्धत: शाखाधिकाऱ्याने शाखेच्या दाराबाहेर, उघड्या आकाशाखाली उभं राहायचं, व्हॉट्सॲपवर लोकेशन उघडून अचूकतेचे मीटर खाली येईपर्यंत थांबायचं आणि 'सध्याचं लोकेशन' पाठवायचं. इमारतीच्या आत किंवा पत्र्याखाली उभं राहून पाठवलं तर ते बरंच सरकलेलं असतं. मुख्य कार्यालयात बसलेल्याने ते गूगल मॅपवर उघडून उपग्रहाच्या दृश्यात छप्पर ओळखायचं, दारावर बोट दाबून धरायचं आणि वर दिसणारे दोन आकडे कॉपी करायचे. एका शाखेला पाच मिनिटं लागतात, 46 शाखांचं काम एका दिवसात होतं.

कॉपी केल्यावर दोन्ही आकडे एकाच कप्प्यात स्वल्पविरामाने येतात. ते 'टेक्स्ट टू कॉलम्स'ने वेगळे करा आणि दुसऱ्या आकड्याआधी राहिलेली मोकळी जागा काढा. कुठे अंश-मिनिटं-सेकंद असे आकडे आले असतील तर मिनिटांना 60 ने आणि सेकंदांना 3600 ने भागून अंशांत मिळवा: 17 अंश 17 मिनिटं 24 सेकंद म्हणजे 17.29. मिनिटं दशांशासारखी लिहून 17.1724 केलं तर शाखा तेरा किलोमीटर दक्षिणेला जाते.

दोन्ही कॉलमची अदलाबदल ही नेहमीची चूक. आपल्याकडे अक्षांश साधारण 16.7 ते 18.2 च्या दरम्यान आणि रेखांश 73.5 ते 75.7 च्या दरम्यान असतो. सांगलीचा 16.85 आणि 74.56 च्या आसपास. उलटं लिहिलं तर ठिकाण नॉर्वेच्याही उत्तरेला समुद्रात निघतं. एक तपासणीचं सूत्र लावा: अक्षांश 16 ते 19 च्या बाहेर किंवा रेखांश 73 ते 76 च्या बाहेर असेल तर ओळ लाल. मग तालुकानिहाय थोडं बारीक बघा, कारण जतचा आकडा चुकून वाईच्या ओळीत गेला तर हे सूत्र तो पकडणार नाही.

नाव आणि प्रकार

सगळ्या शाखांचं नाव अक्षर न अक्षर सारखं ठेवा, फलकावर आहे तसं. 'शाखा कराड', 'मार्केट यार्ड शाखा' हे नावात जोडू नका, गाव पत्त्यातून कळतं. एका ओळीत 'मर्यादित', दुसरीत 'मर्या.', तिसरीत 'लि.' असं असेल तर एकत्रित पडताळणीच्या वेळी (सगळ्या शाखा खरंच तुमच्या आहेत याची गूगल खात्री करतं तेव्हा) ती एकच संस्था आहे हे पटवणं अवघड जातं. 'सोनेतारण कर्ज', 'जास्त व्याजदर' असे शब्द नावात घातले तर प्रोफाइल निलंबित होऊ शकतं.

पतसंस्थेसाठी एक गोष्ट आणखी महत्त्वाची. नावात किंवा वर्णनात 'बँक' हा शब्द येऊ देऊ नका. 2020 च्या दुरुस्तीनंतर बँकिंग नियमन कायद्यानुसार सहकारी संस्थांना, कायद्याने परवानगी असेल तेवढं सोडून, नावात हा शब्द वापरता येत नाही, आणि रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर 2021 मध्ये लोकांना त्याबद्दल सावधही केलं होतं. प्रकाराच्या कॉलममध्येही 'बँक' निवडू नका. 'क्रेडिट युनियन' हा गूगलच्या यादीतला प्रकार पतसंस्थेच्या सगळ्यात जवळचा आहे. प्रकार यादीत आहे तसाच लिहावा लागतो. स्वतःच्या शब्दांत लिहिला की ती ओळ चुकीची ठरते. मुख्य प्रकार एक आणि जादा प्रकार नऊपर्यंत देता येतात. तुम्हाला एक पुरेसा आहे. जादा प्रकार भरल्याने शाखा जास्त दिसते हा समज सोडून द्या.

पिग्मी एजंटाचं घर किंवा आठवड्यातून एकदा टेबल टाकून होणारी वसुली ही शाखा नव्हे. जिथे ठरलेल्या वेळेत तुमचा कर्मचारी ग्राहकाला भेटतो आणि कायमचा फलक आहे, तेवढ्याच जागा फाइलमध्ये घ्या.

वेळा

वारांचे सात कॉलम असतात. 24 तासांच्या पद्धतीने लिहा, म्हणजे सकाळ-दुपारचा गोंधळ होत नाही: 10:00-17:30. मध्ये जेवणाची सुट्टी असेल तर त्याच कप्प्यात स्वल्पविराम देऊन दोन भाग लिहा: 10:00-13:30, 14:30-17:30. बंद वारासाठी इंग्रजी एक्स हे एकच अक्षर. 'सुट्टी' किंवा 'बंद' लिहिलं तर ओळ नाकारली जाते. आठवडी बाजारामुळे काही शाखांची साप्ताहिक सुट्टी रविवारऐवजी दुसऱ्या वारी असते. एकच वेळापत्रक 46 ओळींत चिकटवण्याआधी हे शाखांना विचारून घ्या.

सणावारांसाठी 'स्पेशल अवर्स'चा वेगळा कॉलम आहे. त्यात तारीख वर्ष-महिना-दिवस या क्रमाने, मग विसर्गासारखं चिन्ह, मग वेळ किंवा एक्स: 2027-01-26: x. अनेक तारखा स्वल्पविरामाने जोडता येतात. 31 मार्चला शाखा उशिरापर्यंत उघडी ठेवणार असाल तर तेही इथेच. आपण तारीख दिवसापासून लिहितो, त्यामुळे या कॉलममध्ये चुका ठरलेल्या.

वर्णनाला 750 अक्षरांची मर्यादा आहे आणि त्यात संकेतस्थळाची लिंक चालत नाही. फोटोंच्या कॉलममध्ये कुणालाही उघडेल अशी थेट फोटोची लिंक लागते. गूगल ड्राइव्हवरून शेअर केलेली लिंक द्याल तर फोटो येत नाही. फोटो नंतर हाताने चढवले तरी चालतं.

दुहेरी शाखा आणि अपलोडचा क्रम

आधी त्या दोन दुहेरी शाखा निस्तरा. दोन नोंदींपैकी जुनी, लोकांचे अभिप्राय असलेली नोंद ठेवायची, कारण नोंद काढली की तिच्यावरचे अभिप्रायही तुमच्या हातून जातात. एका खात्यात तोच कोड दोनदा चालत नाही, म्हणून आधी नको असलेल्या नोंदीचा कोड बदलून काहीतरी तात्पुरता द्या, मग योग्य कोड जुन्या नोंदीला लावा, आणि शेवटी नको असलेली नोंद काढा. नोंद तुमच्या खात्यात नसून दुसऱ्याच कुणाच्या ताब्यात असेल, म्हणजे जुना कर्मचारी किंवा जाहिरातवाला, तर मालकीची मागणी पाठवा. समोरच्याला उत्तरासाठी तीन दिवस मिळतात, त्यानंतर पुढचा मार्ग गूगल दाखवतं.

हे झाल्यावर सगळ्या शाखा एका बिझनेस ग्रुपमध्ये ठेवा, म्हणजे शाखेचा माणूस बदलला तरी ताबा संस्थेकडे राहतो. मग दुरुस्त केलेल्या फाइलमधल्या फक्त चार ओळी वेगळ्या फाइलमध्ये घेऊन अपलोड करा: एक शहरातली, एक गावातली, एक दुहेरी नावाच्या गावातली, एक वेगळ्या सुट्टीची. अपलोडनंतर बदल लागू होण्याआधी आढावा दिसतो, त्यात किती नोंदी बदलणार आणि किती नव्या तयार होणार हे सांगितलेलं असतं. तुमच्या सगळ्या शाखा आधीच तिथे आहेत, तेव्हा नव्यांचा आकडा शून्य यायला हवा. एकही नवी दिसली तर थांबा, तिचा कोड चुकला आहे. चार ओळी बरोबर गेल्या की उरलेल्या 42.

जुन्या नोंदी दुरुस्त करताना रिकामा कप्पा म्हणजे 'आधीचं राहू दे' असं समजू नका. म्हणूनच सुरुवातीला माहिती डाउनलोड करायला सांगितली: भरलेल्या फाइलमध्ये जेवढं चुकलं तेवढंच बदला.

फाइल चढली म्हणजे शाखा लोकांना दिसू लागल्या असं नाही, पडताळणी बाकी असते. एकाच संस्थेच्या दहा किंवा जास्त शाखा असल्या तर एकत्रित पडताळणीचा अर्ज करता येतो आणि तुम्ही त्यात बसता. त्यात संस्थेचं नाव, देश, संपर्कातल्या व्यक्तीचं नाव, फोन आणि ईमेल विचारतात. ईमेल संस्थेच्या संकेतस्थळाच्या नावाचा असेल तर संशय कमी येतो, म्हणून शाखाधिकाऱ्याच्या खाजगी जीमेलवरून हा अर्ज करू नका. साधारण आठवडा धरा. अर्ज करण्याआधी सगळ्या ओळींतल्या चुका शून्यावर आणा. त्या राहिल्या तर अर्ज मागे येतो. एकदा मान्यता मिळाली की त्याच खात्यात पुढे उघडलेल्या शाखांना सहसा प्रत्येकी पडताळणी करावी लागत नाही.

दर तीन महिन्यांनी सगळी माहिती पुन्हा डाउनलोड करून तुमच्या फाइलशी ताडून बघा. नकाशा वापरणारे लोक वेळा आणि पिन बदलण्याच्या सूचना करत असतात, आणि त्यातल्या काही तुम्हाला न कळता लागू झालेल्या असतात. बरोबर असतील त्या तुमच्या फाइलमध्येही घ्या, नाहीतर पुढच्या अपलोडला तुम्हीच त्या पुसाल.

शाखा दुसऱ्या जागेत गेली तर कोड तोच ठेवून पत्ता आणि अक्षांश-रेखांश बदला, नवी ओळ करू नका. शाखा बंद झाली किंवा शेजारच्या शाखेत विलीन झाली तर फाइलमधून ओळ काढल्याने नकाशावरून ती जात नाही. मॅनेजरमध्ये जाऊन ती 'कायमची बंद' अशी नोंदवावी लागते, आणि तो कोड पुन्हा कोणत्याही नव्या शाखेला द्यायचा नाही.